नावाचं कडवं

विश्रांतवाडी, पुणे
६ जानेवारी २००२

दशरथभाऊ, सप्रेम जयभीम.

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच केरात टाकाल, म्हणून पत्ता नातीकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. अडतीस वर्षांनी लिहिते आहे, चार पानं तरी सहन करा.

तुम्ही लोणी काळभोरला लेकीकडे, नंदाकडे असता हे विहारातल्या सेक्रेटरींनी सांगितलं. तिथल्या कॉलेजात ती शिकवते म्हणे. आम्ही तिला पाहिलं ते फ्रॉकमध्ये. सेक्रेटरींनी फोन नंबरही दिला होता, पण फोन तुम्ही ठेवून द्याल. पत्र निदान हातात तरी राहतं.

इकडची हकीकत अशी. आमचे हे, बापूराव, जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची पेटी मी कुणाला दिली नाही, पण वाजवायलाही कुणी उरलं नाही. मुलगा-सून नोकरीला, आणि नात निकिता कंप्युटरच्या कंपनीत. सकाळी तिला न्यायला गाडी येते आणि ती घरी येते तेव्हा सगळ्यांची जेवणं झालेली असतात. काय काम करते विचारलं तर म्हणते, "आजी, अमेरिकेतल्या लोकांचे प्रॉब्लेम सोडवते." मी म्हटलं, आपल्याकडचे संपले का?

मुद्द्याचं लिहिते. कसबा पेठेत साईनाथ कुंजीर म्हणून एक गृहस्थ आहेत. पूर्वी कॅसेटचं दुकान होतं, आता सीडी काढतात. त्यांनी जुन्या बाजारांतून आपल्या सहाही तबकड्या जमवल्या आहेत. सहा तबकड्या, बारा गाणी, बाराही तुमची. कंप्युटरवर खरखर काढून त्यांनी मला "उजेड आला पाहुणा" ऐकवलं. दशरथभाऊ, एकवीस वर्षांची विजयमाला त्या डब्यातून गायला लागली आणि मला वाटलं, ही पोर कोण इतकी माजोरी!

या बारा गाण्यांची एक सीडी एप्रिलमध्ये निघणार आहे. त्याचा फॉर्म निकिताने कंप्युटरवर भरला. गायिका, पेटी, ढोलकी, साल, सगळं झालं. गीतकाराच्या रकान्याशी ती थांबली. तबकडीवर तुमचं नाव नाही, गाण्यातही नाही. म्हणाली, "आजी, तो कॉलम ब्लँक ठेवता येत नाही. सिस्टीम पुढेच जात नाही." आणि तिने बारा वेळा "पारंपरिक" असं टाकलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती कॅसेटवाली मुलं तुमची गाणी गायली, त्यांनीही तेच छापलं होतं. तेव्हा मी काही बोलले नाही. या वेळी बोलले. हे पारंपरिक नाही, म्हटलं. हा माणूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत गाणी लिहायचा.

कुंजीर म्हणतात, नाव घालायला माझी हरकत नाही, पण गायिकेचं लेखी निवेदन आणि गीतकाराची सही लागेल. सोबत फॉर्म पाठवते आहे. १५ फेब्रुवारीला कव्हर छापायला जाणार. त्याच्या आत सही आली नाही तर "पारंपरिक" असंच जाईल आणि मग ते कायमचंच.

तुमच्या नावाचं कडवं एकोणसाठ साली रेकॉर्डिंगवाल्या साहेबाने कापलं, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. त्याला आपला इलाज नव्हता. आता इलाज आहे. सही करा.

विजयमाला

*

विश्रांतवाडी
२० जानेवारी २००२

दशरथभाऊ, जयभीम.

दोन आठवडे झाले. पुण्याहून लोणीला पत्र दोन दिवसांत जातं, बैलगाडीने गेलं तरी आठवड्यात पोचावं. म्हणजे तुम्हाला मिळालं आहे आणि तुम्ही बसला आहात. बसा.

निकिता रोज विचारते, "आजी, तुझ्या पोएटचा रिप्लाय आला का?" मी सांगते, कवी आहेत, विचार करून लिहितील. ती म्हणते, "एका सहीला एवढा विचार?" तिला काय सांगू? तिला नावाचं कडवं म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. आपल्या गायन पार्ट्यांमध्ये शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, सामन्यात समोरची पार्टी कितीही नावाजलेली असो, ते कडवं झाल्याशिवाय गाणं संपवायचं नाही, लोकही उठत नाहीत, हे सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे लॉगिनसारखं." मी म्हटलं, असेल बाई. मग तिने विचारलं, "मग रेकॉर्डमध्ये ते का नाहीये?"

तिलाही मी साहेबाचंच सांगितलं. ती लगेच म्हणाली, "त्या साहेबाला मराठी येत होतं?"

दशरथभाऊ, त्याला मराठी येत नव्हतं.

हे एवढं लिहून मी दोन दिवस पत्र ट्रंकेत ठेवलं होतं. आता पुढे लिहिते. तो साहेब काचेच्या आतून फक्त एवढंच म्हणाला की, गाणं साडेचार मिनिटांचं आहे आणि तबकडीवर सव्वातीन मिनिटं मावतात, एक कडवं काढा. कुठलं काढायचं हे त्याने सांगितलं नाही. त्याला कुठलं काय, सगळी सारखीच होती.

तुम्हाला कारखान्याने रजा दिली नव्हती. तुम्ही आला असतात तर हा प्रश्नच आला नसता.

सही तेवढी पाठवा. बाकी राग ठेवायचा तर ठेवा, तो काही फॉर्मला लागत नाही.

विजयमाला

*

विश्रांतवाडी
३ फेब्रुवारी २००२

दशरथभाऊ,

मागचं पत्र परत आठवून पाहिलं. "तुम्ही आला असतात तर" असं मी लिहिलं. चोराने घरमालकाला कुलूप लावलं नाही म्हणून झापावं, तसं झालं ते. ते वाक्य खोडून टाका.

आता सगळं लिहिते. कुंजीरांना दिलेल्या निवेदनातही हेच लिहिलं आहे, त्यामुळे लपवायला काही शिल्लक नाही.

तिसरं कडवं काढा, असं बापूराव म्हणाले होते. ढोलकीवालाही म्हणाला. रीतच ती होती, मधलं कडवं गाळायचं, नावाचं नाही. पण तिसऱ्या कडव्यात माझी ती चढी तान होती. त्या तानेला लोक फेटे उडवायचे. मी म्हटलं, तिसरं राहील, चौथं काढा. बापूराव माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, तबकडीवर नाव छापतीलच की. नाव छापतात का, हे मी कुणाला विचारलं नाही. छापलं नाही. "विजयमाला आणि पार्टी" एवढंच छापलं.

रेकॉर्डिंग करून परत आले तेव्हा तुम्ही पुणे स्टेशनवर उभे होतात. तुम्ही पहिलं काय विचारलंत ते आठवतं? "घसा बरा आहे ना?" आणि मी साहेबाचं नाव सांगितलं.

हे एकदाच झालं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं. पण पुढच्या गाण्यांपासून तुम्ही तीनच कडवी लिहायला लागलात. तबकडीवर नाव मावावं म्हणून चांगली चांगली कडवी तुम्ही स्वतःच्या हाताने गाळलीत. आणि आम्ही काय केलं? आम्ही मधे पेटी वाढवली. दोन कडव्यांच्या मधे बापूरावांचे लांब लांब तुकडे. त्यांना बिचाऱ्यांना कधी एवढं वाजवायला मिळालं नव्हतं, तेही खूश. सव्वातीन मिनिटं भरली की नावाचं कडवं आपोआप बाहेर. बाराच्या बारा गाण्यांना मी हेच केलं. पहिल्या गाण्यात नाव नव्हतं आणि ते गाजलं, मग दुसऱ्यात नाव आलं तर लोक विचारतील की पहिलं कुणाचं, अशी मला भीती होती. माझी गाणी मीच रचते असं काही लोक समजायचे. मी कधी "हो" म्हटलं नाही, पण "नाही"ही म्हटलं नाही.

आता चौसष्ट सालचा तो कार्यक्रम. इथेच, विश्रांतवाडीला, आताच्या सोसायटीच्या जागी मैदान होतं तिथे. "उजेड आला पाहुणा" गाऊन झालं आणि तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात. म्हणालात, "विजयमाला, शेवटचं कडवं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माईकवर म्हणाले, "वेळ नाही." तुम्ही मान हलवलीत आणि निघून गेलात. त्यानंतर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.

वेळ होता, दशरथभाऊ. पुढे अर्धा तास होता. मला ते कडवं येत नव्हतं. पाच वर्षं मी ते गायलेच नव्हते, तबकडीबरहुकूम गायची सवय झाली होती. "दशरथ म्हणे" इथपर्यंत आठवलं आणि पुढे काहीच नाही. हजार माणसांसमोर मला कळलं की ज्याच्या गाण्यावर मी उभी आहे त्याचं कडवं मी विसरले आहे. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून मग्रुरी केली. मग्रुरीची लाज कमी वाटते.

तुमचं लिहिणं माझ्यामुळे थांबलं. पाच वर्षांत बारा गाणी तबकडीवर आली, पुढच्या तीस वर्षांत किती आली असती याचा हिशोब मी करत नाही, कारण करवत नाही. कुठे लग्नात ब्यांडवाल्यांनी तुमची चाल धरली की मी घरात जाऊन बसते.

निवेदन मी कुंजीरांना परवाच दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे असंच्या असं देऊ? तुमची सीडी आहे." म्हटलं, असंच द्या. निकिताने टाईप केलं होतं. टाईप करताना ती एकदाही माझ्याकडे बघून बोलली नाही. संध्याकाळी मात्र माझ्या ताटात स्वतःच्या वाटचं वांगं वाढलं.

पण तुमच्या सहीशिवाय माझ्या निवेदनाचा उपयोग नाही. बारा दिवस राहिले आहेत. मला माफ करू नका वाटलं तर. माझ्यावर उपकार म्हणून नको, त्या गाण्यांवर करा. ती बारा पोरं तुमची आहेत आणि कुणाच्या तरी नावाने जगताहेत.

विजयमाला

*

लोणी काळभोर
९ फेब्रुवारी २००२

विजयमालेस दशरथचा जयभीम.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतो. नंदाने वाचून दाखवू का विचारलं. मी नको म्हटलं, पट्टी निघेपर्यंत थांबलो. तुझं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. काल तिन्ही एका बैठकीत वाचली.

फॉर्म सही करून सोबत पाठवत आहे. सही वाकडी आली आहे, डोळ्यामुळे.

आता तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली. साहेबाचं खोटं मला १९६० सालीच कळलं होतं. बापूराव एकदा खडकीला कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. भोंगा झाला, मी बाहेर आलो, तर हा रडत होता. सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, विजूला सांगू नका. मी नाही सांगितलं. तरी गाणी देत राहिलो, कारण ती तान खरंच चांगली होती. मीही ते कडवं ठेवलं असतं. वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. पण संध्याकाळी घरी जाताना तीन-तीन गल्ल्यांत भोंग्यावर माझं गाणं लागलेलं असायचं. त्यावर मी भागवलं.

दुसरी गोष्ट. मैदानात मी उठलो तो तुझी फजिती करायला नाही. गाताना तू शेवटी "दशरथ" म्हणून ओठ हलवलेस आणि थांबलीस, ते पहिल्या रांगेतून दिसत होतं. मी पुढची ओळ सांगायला उठलो होतो. तू "वेळ नाही" म्हणालीस, ते मला लागलं. निघून गेलो.

पण माझं लिहिणं तू थांबवलं नाहीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नंदालासुद्धा नाही. त्या कार्यक्रमाच्या सहा महिने आधीपासून मला एक ओळ सुचत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत वही उघडायचो आणि खात्यातल्या माणसांची नावं लिहीत बसायचो. विहीर आटते तसं आटलं. का, ते माहीत नाही. लोक विचारायचे, कवी, नवीन काय? काय सांगणार? मग तू "वेळ नाही" म्हणालीस, आणि मला कारण मिळालं. गायिकेने अपमान केला म्हणून दशरथने लेखणी ठेवली, हे किती चांगलं दिसतं! लोक हळहळले. मी रुसून बसलो ते बसलोच. तू तुझा गुन्हा लपवलास, मी माझं रिकामपण तुझ्या गुन्ह्याखाली लपवलं. त्यात तुझी अडतीस वर्षं गेली, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो.

विसरलेलं कडवं खाली देत आहे. बाकीच्या अकरांचीही आठवतात. पाहिजे असतील तर लिहून पाठवीन.

दशरथ म्हणे, बाई, मी भोंग्याचा गडी,
पाठकोऱ्या पानावर चार ओळींची घडी,
उजेड आलाय घरात, अंथरा एक घोंगडी,
पंगतीच्या कडेला मलाही घेऊन बसा गं.

दशरथ भालशंकर

*

विश्रांतवाडी
१३ फेब्रुवारी २००२

दशरथभाऊ,

अडतीस वर्षं! अहो, एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत! पंधरा पैशांचं!

आधी हे ओरडून घेते, मग बाकीचं. बापूरावांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी कुणालाच सांगितलं नाही. तीन माणसं एकाच गोष्टीवर गप्प बसून होती, आणि त्यातली दोन एका घरात जेवत होती. ते रडले हे वाचून मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना चांगलं सुनावलं. मग मीही रडले. निकिता घरीच होती, तिला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. तिला पत्र दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही लोक ना, टू मच आहात."

मी मोकळी झाले, दशरथभाऊ. दुसरा शब्द नाही. सकाळी उठले तर छातीवरचं काहीतरी नाहीसं झालेलं, आणि मला भूक लागलेली. तुमचं लिहिणं आटलं याचा आनंद झाला म्हटलं तर माणूस मला काय म्हणेल? पण झाला. वाईटही वाटलं, पण आधी आनंदच झाला. ती विहीर मी बुजवली नव्हती.

तुमच्यावर राग नाही. थोडा आहे. तो एक-दोन महिने राहील आणि जाईल.

फॉर्म मी स्वतः बसने कसबा पेठेत जाऊन दिला. कुंजीरांनी सही भिंगातून पाहिली. मग निकिताला फोन लावून तिच्याकडून बाराही रकाने बदलून घेतले. मी समोर उभी राहून फोनवर मोजले, एक ते बारा.

ते कडवं पाठ केलं. पहिल्यांदा पुरतं म्हटलं तेव्हा शेवटच्या ओळीवर थांबावं लागलं. तुम्ही पंगतीच्या कडेला जागा मागितली होती आणि मी तीच ओळ काढली होती. हे तेव्हा समजलं नाही, कारण मी ती ओळ कधी ऐकतच नव्हते, तिच्या आधीच टाळ्या सुरू व्हायच्या.

बाकीची अकरा पाठवा. रविवार २१ एप्रिलला प्रकाशन आहे, दहा वाजता. नंदाला घेऊन या. न येण्याचं कारण शोधू नका, त्यात तुम्ही वाकबगार आहात.

विजयमाला

*

विश्रांतवाडी
२३ एप्रिल २००२

दशरथभाऊ, जयभीम.

परवा गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. नंदा सुखरूप घेऊन गेली ना? तुम्ही दोन लाडू खिशात टाकलेत ते मी पाहिलं.

माझा आवाज कसा लागला ते विचारत नाही. चढ्या तानेशी दम संपला, सगळ्यांनी ऐकलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. तिथून पुढे मला कधी नव्हे ते कुठेतरी पोचायचं होतं. "दशरथ म्हणे" म्हटलं आणि मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्या बाया एकदम ताठ बसल्या. त्यांना रीत आठवली. गाणं आता संपणार, हे त्यांना कळलं. कुणी मधे उठलं नाही.

त्यानंतरचं लिहायचं म्हणून हे पत्र. निवेदन करणारी ती ऋतुजा माईकवर आली आणि वाचायला लागली, "या बाराही गीतांचे गीतकार, दशरथ भालशंकर." तुम्ही पहिल्या रांगेत कानामागे हात धरलात आणि म्हणालात, "काय म्हणालात?" ती बिचारी घाबरली. तिने परत वाचलं. तुम्ही म्हणालात, "जरा मोठ्याने, बाई." तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने म्हणाली की माईक कुंईऽ करून ओरडला, आणि सगळ्या हॉलने तिच्याबरोबर तुमचं नाव घेतलं. तेव्हा कुठे तुम्ही हात खाली घेतलात. कुंजीर हळहळून मला म्हणाले, "अगदीच ऐकू येत नाही वाटतं त्यांना."

चहाच्या वेळी मी नंदाला म्हटलं, बाबांना कानाचं यंत्र घे एखादं, आता चांगली मिळतात. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "कशाला? त्यांचे कान ठणठणीत आहेत. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात घरी बसून."

मग तिला समजलं, आणि ती हसायला लागली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, "कुणाला सांगू नकोस हं. तुझ्या बाबांना त्रेचाळीस वर्षं ते ऐकू आलं नव्हतं."

तुमची,
विजयमाला